नाशिकचा वळीव आणि घरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सातपूर-अंबडच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून, मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून, नाहीतर निवृत्तीनंतर निवांत राहता येईल म्हणून पुष्कळ कुटुंबं नाशिकला घर करतात. इथली हवा चांगली, हे ऐकूनच आलेली असतात आणि ते खरंही आहे. पण एप्रिलच्या अखेरीपासून पावसाळा नीट लागेपर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसात, दुपारनंतर जे ढग चढतात त्यांची ओळख नव्या माणसाला कोणी करून देत नाही. दुपारी दोनला लख्ख ऊन असतं, गच्चीवर कुरडया वाळत असतात. चार-साडेचारला धुळीची वावटळ उठते आणि पाचला कडकडाट सुरू होतो. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा तुलनेने कमी असतात. जपायचं ते या वळवापासून आणि परतीच्या पावसापासून.

त्या तासा-दोन तासांत टीव्ही, फ्रिज, वायफायचा राउटर, लॅपटॉप, मोबाइल यांचं काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधी पक्की करून घ्या. उपकरणं वाचवायचं काम पहिला गडगडाट होण्याआधी संपलेलं असलं पाहिजे. डोक्यावर कडाडत असताना धावत जाऊन टीव्हीची पिन ओढायची म्हणजे ज्या तारेतून धोका येतो तिलाच नेमक्या वेळी हात लावायचा. टीव्ही पुन्हा घेता येतो. उशीर झाला असेल तर उपकरणं आहेत तशी सोडा आणि माणसं सांभाळा.

वीज घरात शिरते कशी

घरावरच वीज पडावी लागते, असा समज असतो. तसं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा ती दूर कुठेतरी, विजेच्या खांबावर, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा झाडावर पडते. एका विजेत साधारण ३०,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो. तो जवळून गेला तरी आजूबाजूच्या तारांमध्ये हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि तारेवाटे आपल्या बोर्डापर्यंत येतो. आपली उपकरणं २३० व्होल्टसाठी बनवलेली असतात. पंखा किंवा साधा बल्ब अशा उसळीतून कधी कधी वाचतो. टीव्हीतल्या, राउटरमधल्या, इन्व्हर्टर फ्रिजच्या बोर्डावरच्या चिमुकल्या चिप्स मात्र तेवढ्यात जातात.

आत यायचे रस्ते चार. एक, महावितरणची लाइन. दोन, गच्चीवरून येणारी कोणतीही तांब्याची वायर: डिशची, केबलची, सीसीटीव्हीची, सोलरची. तीन, पाण्याचे लोखंडी पाइप. आणि चार, जमीन, कारण जवळ वीज पडली की तिथली जमीनच काही क्षण करंट असलेल्या तारेसारखी होते आणि तो दाब अर्थिंगच्या वायरीतून उलटा वर येऊ शकतो. घराची तयारी करायची ती या चार रस्त्यांकडे बघून.

आता बटणाचं. ‘बोर्डावरून बंद केलंय की’ म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. बटण बंद केल्यावर आतल्या दोन पत्र्यांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट पडते. हजारो व्होल्टची उसळी ती फट सहज ओलांडते. शिवाय साधं बटण फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी तार तोडतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंग जोडलेलेच राहतात. म्हणून पिन सॉकेटमधून बाहेर काढणं हाच खात्रीचा उपाय. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त वेळेवर करावा लागतो.

पहिली पायरी: राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात

सामान लावून झालं की मीटर पेटी आणि घरातला एमसीबीचा, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा, डबा बघून घ्या. फ्लॅटमध्ये मीटर बहुधा खाली पार्किंगमध्ये असतात आणि एमसीबी दाराजवळ. कोणती एमसीबी कशाची आहे ते एकेक पाडून बघा आणि पट्टीवर पेनाने लिहून ठेवा: हॉल, स्वयंपाकघर, गिझर, एसी. अंधारात, घाईत हे शोधायची वेळ येऊ नये.

त्याच डब्यात रुंद बॉडीची, ‘टी’ असं बटण असलेली एक वस्तू दिसते का बघा. ती आरसीसीबी, म्हणजे आपले वायरमन जिला ईएलसीबी म्हणतात ती. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची असावी. माणसाला करंट बसला तर ती तत्काळ पडते, त्यामुळे ती हवीच. महिन्यातून एकदा ‘टी’ दाबून ती पडते की नाही ते बघत जा. पण एमसीबी किंवा ईएलसीबी असली म्हणजे विजेपासून टीव्ही वाचेल, असं समजू नका. आकाशातल्या विजेची उसळी सेकंदाच्या लाखाव्या भागात येते आणि जाते. एमसीबीला पडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. स्टॅबिलायझरचंही तेच. तो हळूहळू कमी-जास्त होणारं व्होल्टेज सांभाळतो, एवढ्या क्षणात त्याला काही करता येत नाही.

उसळीसाठी जे साधन बनवलेलं आहे त्याला सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस म्हणतात, दुकानात ‘एसपीडी’ म्हणून मागा. ते एमसीबीच्या डब्यातच बसतं. घरच्या डब्यासाठी टाइप २ घेतात. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ते क्षणात वाट मोकळी करून उसळीला अर्थिंगमध्ये ढकलतं. बसवून घेताना वायरमनला दोन गोष्टी सांगा. एसपीडीच्या वायरी जितक्या आखूड तितकं चांगलं, शक्यतो सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आणि वेटोळं करून कोंबायच्या नाहीत. लांब वायर असली की एसपीडी काम करतं, तरी उपकरणापर्यंत बराच दाब पोचतो. त्याच्यावर एक बारीक खिडकी असते, हिरवी असेल तोवर ते जिवंत. लाल झाली की त्याने आपला मार खाल्ला आणि आता बदलायला हवं. मोठ्या वादळानंतर या खिडकीकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

आणि हे सगळं टिकून आहे अर्थिंगवर. एसपीडीने उसळी ढकलायची कुठे, जमिनीतच ना? अर्थिंग नसेल तर एसपीडी आणि नसणं जवळपास सारखंच. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं घरमालकही सांगतात आणि काही वायरमनही. त्या भोकामागे वायर आहे का, ती खाली जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचते का आणि खड्डा कोरडा तर नाही, हे तिन्ही वेगवेगळे प्रश्न आहेत.

नाशिकसाठी शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. ओली असताना काळी माती विजेला छान वाट देते. उन्हाळ्यात ती सुकते, तिला भेगा पडतात आणि मातीचा इलेक्ट्रोडशी (खड्ड्यात पुरलेल्या धातूशी) धरलेला संपर्क सुटतो. खाली खडक लागला असेल तर खड्डाही पुरेसा खोल गेलेला नसतो. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा पहिले वळीव येतात, नेमकी तेव्हाच अर्थिंग वर्षातली सगळ्यात कमजोर असते. यावर उपाय साधा आहे. एप्रिल लागला की आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. जुना मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर त्याच्या नरसाळ्यातून ओतायचं. केमिकल अर्थिंग असेल तरी भोवतीची माती ओलसर राहिली तर बरंच. सोसायटीत हे वॉचमनदादांना सांगून ठेवलं की होतं. खड्ड्याचं झाकण पार्किंगच्या कोपऱ्यात, बहुतेकदा कुणाच्या तरी गाडीखाली असतं. सेक्रेटरींना विचारलं तर दाखवतील. वर्षातून एकदा अर्थ टेस्टर लावून मोजून घ्यायला सांगा. घरगुती इमारतीत आकडा ५ ओहमच्या आत यावा.

भाडेकरू असाल तर हे सगळं मालकांवर सोडून चालत नाही, पण खर्चाचं त्यांच्याशी बोलून ठरवता येतं. ‘काका, डब्यात एसपीडी नाही, बसवून घेऊ का, भाड्यातून वळते करू’ असं सरळ विचारावं. बहुतेक मालकांना वायरिंग जळण्यापेक्षा हे परवडतं.

‘स्पाइक गार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांबद्दल थोडं. त्यातल्या बऱ्याच म्हणजे लाल बटण असलेला नुसता एक्स्टेन्शन बोर्ड. खऱ्या स्पाइक गार्डवर तो किती ज्यूलची उसळी झेलू शकतो ते लिहिलेलं असतं. आकडा नसेल तर घेऊ नका. आणि खरा घेतलात तरी तो मदतनीस समजा. जवळ पडलेल्या विजेपुढे तो एकटा टिकत नाही.

इमारतीवर त्रिशूळासारखा लाइटनिंग अरेस्टर दिसला तर चांगलंच, मात्र त्याचं काम वेगळं आहे. तो वीज स्वतःवर घेऊन जमिनीत नेतो, त्यामुळे पॅरापेट फुटत नाही, आग लागत नाही. ती वीज खाली जाताना भिंतीतल्या वायरींमध्ये उसळी येतेच. अरेस्टर असलेल्या इमारतीतही पिना काढायच्याच.

दुसरी पायरी: ढगांवर लक्ष

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोबाइल अॅप आहे. लोकेशनची परवानगी दिली की आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का ते ते दाखवतं आणि इशारा देतं. फुकट आहे, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. हवामान विभागाचे पिवळे-नारिंगी इशारे जिल्ह्यासाठी असतात, आणि नाशिक जिल्हा केवढा मोठा: इगतपुरीला पाऊस आणि येवल्यात ऊन, असं नेहमीचं. म्हणून इशारा असेल त्या दिवशी सावध राहायचं आणि नेमकी वेळ दामिनीवरून आणि आभाळावरून ठरवायची. कधी ढग त्र्यंबकच्या बाजूने येतात, कधी उलट दिंडोरी-निफाडकडून. उकाडा एकदम वाढून वारा पडला, मग थंड झुळूक आणि धूळ आली, की वेळ झाली.

लख्ख दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. आकडा ३० सेकंदांच्या आत आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. खरं तर गडगडाट कानावर येतोय एवढंच पुरे. पिना काढायची वेळ तेव्हा संपली.

तिसरी पायरी: पिना काढण्याचा क्रम

पायात चप्पल, हात कोरडे. आधी बटण बंद, मग पिन. वायर धरून ओढू नका, पिनेचं डोकं धरून काढा. गच्चीशी जोडलेल्या वस्तूंपासून सुरुवात करायची, कारण तिथे रस्ते दुहेरी असतात.

टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स हा सगळ्यात जास्त बळी पडणारा जोड. लोक टीव्हीची पिन काढतात, बॉक्सचीही काढतात आणि समाधानाने बसतात. डिशची वायर मात्र बॉक्सला तशीच. गच्चीवरच्या छत्रीतून ती वायर बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआय केबलने दाब टीव्हीत. पिन काढलेला टीव्ही असा जातो. तेव्हा बॉक्स थोडा पुढे ओढा. मागे जाड काळी किंवा पांढरी गोल वायर धातूच्या टोपीने आवळलेली असते. ती टोपी ओढायची नाही, डावीकडे फिरवायची, चार-पाच वेढ्यांत सुटते. बरेच दिवस न उघडलेली असेल तर घट्ट बसलेली असते. कापडाने धरून फिरवा. सुटलेल्या टोकातून तांब्याची टोकदार तार बाहेर आलेली दिसेल, ती वाकवू नका, नाहीतर परत लावताना सिग्नल येणार नाही. वायरचं टोक बॉक्सवरच लोंबकळत ठेवलं तर काही उपयोग नाही. टीव्ही आणि बॉक्सपासून दोन-तीन फूट लांब, जमिनीलगत, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. हे एकदा निवांत दुपारी करून बघा, म्हणजे ऐन वेळी खटपट होणार नाही.

त्यानंतर वायफाय. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, म्हणून फायबरवाल्यांना तो रस्ता बराचसा बंद आहे. पण त्या डब्याचा अॅडाप्टर बोर्डातच असतो, आणि डब्यातून कॉम्प्युटरला, टीव्हीला लॅन केबल गेलेली असेल तर ती तांब्याची असते. अॅडाप्टर काढा, लॅन केबलही काढा. खांबावरून आत येणाऱ्या काही फायबर वायरींना आधारासाठी लोखंडी तारही असते. ती घरात कुठल्या धातूला टेकलेली नाही ना, ते इंटरनेटवाल्याकडून बघून घ्या. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर हा विसरला जाणारा गडी. त्याच्या वायरी गच्चीपर्यंत, गेटपर्यंत पसरलेल्या असतात. त्याची पिन काढा आणि कॅमेऱ्यांच्या वायरी एका जागी सहज सुटतील अशा लावून घ्या.

मग कॉम्प्युटर, प्रिंटर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, चार्जर. खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला असेल तर तीही. गिझर आणि एसी थेट एमसीबीवर असतील तर त्यांची एमसीबी पाडा. ती दोन खांबांची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी असेल तर उत्तम. फ्रिजची पिन काढायला लोक कचरतात. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. वळीव त्याच्या कितीतरी आधी ओसरतो. दूध नासणार नाही.

इन्व्हर्टरचं थोडं बघून करावं लागतं. त्याची मेनची पिन काढली की तो बॅटरीवर घर चालवतो. बहुतेक घरांत इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेन लाइनशी एकच असतो. त्यामुळे ‘इन्व्हर्टरवर चाललंय, म्हणजे बाहेरच्या लाइनशी संबंध नाही’ हे खरं नाही. दिवे-पंखे चालू द्या, महागाचं काही त्यावर लावू नका.

एक अपवाद आहे आणि तो कळकळीने सांगतो. घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर किंवा श्वासाच्या इतर मशीनवर असेल तर ती पिन तुमच्या मनाने काढू नका. वादळाचा मोसम लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून भरलेला सिलिंडर किंवा बॅटरी बॅकअप घरात ठेवा आणि ते लावायला घरातल्या दोघांना तरी येऊ द्या.

चौथी पायरी: कडकडाट चालू असताना

मोबाइल वापरायला हरकत नाही, चार्जरला लावलेला नसेल तर. मोबाइल वीज ओढून घेतो ही समजूत खरी नाही. मोबाइलवर बोलताना वीज पडल्याच्या बातम्या असतात त्या उघड्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या, आणि तिथे दोष उघड्यावर असण्याचा असतो. घरात, भिंतीपासून दूर बसून फोनवर बोला, दामिनी बघा, काही धोका नाही. चार्जिंगला लावलेला फोन कानाशी धरणं मात्र टाळा. लॅपटॉपचंही हेच, स्वतःच्या बॅटरीवर चालू द्या, चार्जर आणि लॅन केबल सुटलेली हवी. घरून काम करणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी तीनपर्यंत लॅपटॉप, फोन आणि पॉवर बँक भरून ठेवायची. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. मेनची पिन काढून तो राउटर त्याच्यावर चालवला की मीटिंग तुटत नाही.

वायरचा लँडलाइन फोन उचलू नका. डेस्कटॉपला लावलेले हेडफोन कानात नकोत. आंघोळ, भांडी, कपडे धुणं थांबवा. नळात प्लास्टिकचे पाइप आले तसा धोका कमी झाला आहे, पण आतलं पाणी वीज वाहून नेतंच आणि वरची टाकी गच्चीवरच असते. आंघोळ थोडी उशिरा केली म्हणून काही बिघडत नाही.

खिडकी, बाल्कनी, लोखंडी ग्रिल यांपासून लांब बसा. काँक्रीटच्या भिंतीला टेकू नका, फरशीवर आडवे होऊ नका. त्यात लोखंडी सळ्या असतात. पलंग, लाकडी खुर्ची, सोफा चांगला. आणि गच्चीवरचं वाळवण! पहिला थेंब पडला की सगळ्या बायका-मुली कुरडया-पापड गोळा करायला वर धावतात, ते अगदी स्वाभाविक आहे, आठवड्याची मेहनत असते. पण गडगडाट ऐकू आल्यावर गच्ची ही इमारतीतली सगळ्यात वाईट जागा. ढग दिसले की आधी वाळवण खाली आणा, मग पिना काढा. उशीर झाला तर भिजू दे. कुणीही, ‘पटकन जाऊन येते’ म्हणाली तरी, तिला जाऊ देऊ नका.

लाईट गेली म्हणजे धोका टळला असं नाही. आकाशातली वीज मेलेल्या तारेतूनही येते, तिला लागते फक्त धातूची वाट. उलट लाईट गेल्यावर काही जण निवांतपणे बोर्डाशी खुडबुड करतात, ते करू नका. लिफ्टने खाली-वर करणंही तेवढा वेळ टाळा, मध्ये लाईट गेली की अडकायला होतं.

न्यूट्रल तुटणं: दुसरा, वेगळा धोका

वादळात उपकरणं जळतात तेव्हा सगळा दोष आकाशातल्या विजेला दिला जातो. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. वाऱ्याने गुलमोहराची नाहीतर रेन ट्रीची फांदी तारांवर पडते आणि न्यूट्रलची तार तुटते. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल गेला की घराघरांत व्होल्टेज वाकडंतिकडं वाटलं जातं. एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो. लोक म्हणतात, ‘हाय व्होल्टेज आलं.’ आकाशातली वीज क्षणात येऊन जाते, हे मात्र मिनिटन्‌मिनिटं चालू राहतं. एसपीडीही इतका वेळ टिकत नाही.

खूण ओळखायला सोपी आहे. बल्ब एकदम डोळे दिपतील असा पांढरा होतो, पंखा अचानक जोरात फिरायला लागतो, कुठूनतरी गुणगुण येते. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच पाडा. वर कडाडत असेल तरी हे करायचं, कारण इथे आगीची भीती आहे. कोरडा हात, पायात चप्पल, प्लास्टिकचा दांडा खाली, आणि लगेच मागे. जुन्या नाशिकच्या वाड्यांत, पंचवटीत, सिडकोच्या जुन्या वसाहतींत जिथे उघड्या तारा डोक्यावरून जातात, तिथे हे जास्त घडू शकतं. तिथे राहणाऱ्यांनी एसपीडीसोबत जादा-कमी व्होल्टेजला आपोआप लाइन तोडणारा प्रोटेक्टरही डब्यात बसवावा. मला विचाराल तर या दोन साधनांपैकी एकापुरतेच पैसे असतील तर अशा भागात आधी हा प्रोटेक्टर घ्या.

पाचवी पायरी: ओसरल्यावर

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबा. मधे पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर. ऊन पडलं, चिमण्या बोलायला लागल्या तरी थांबा. ढगाच्या मागच्या कडेची वीज पुष्कळ लांबवर पडते.

लाईट गेली असेल तर एका साध्या दिव्याचं बटण चालू ठेवा, म्हणजे परत आलेली कळेल. आल्या आल्या पिना लावू नका. लाइनवर दुरुस्ती चालू असते तेव्हा ती दोन-तीनदा येते-जाते. दहा मिनिटं दिवा एकसारखा जळला की एकेक करून लावा: आधी फ्रिज, मग थोड्या वेळाने बाकीचं. टीव्ही आणि बॉक्स सगळ्यात शेवटी, आणि बॉक्सची पिन लावायच्या आधी डिशची वायर हलक्या हाताने उजवीकडे फिरवून बसवा. बोर्डाच्या भिंतीला ओल आली असेल किंवा बोर्डातून पाणी झिरपत असेल तर ती एमसीबी पाडलेलीच राहू द्या आणि वायरमनला बोलवा.

रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती मेलेली समजू नका. निदान दहा मीटर लांब राहा, मुलांना अडवा. महावितरणला १९१२ वर कळवा. तार पडली तेव्हा तुम्ही जवळच असाल तर पावलं न उचलता, दोन्ही पाय एकमेकांजवळ घासत बाजूला व्हा. लांब ढेंग टाकली तर दोन पायांतल्या दाबाच्या फरकाने करंट बसतो.

कुणाला विजेचा धक्का बसला असेल तर: आकाशातल्या विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. हातपाय हलत नाहीत म्हणून सोडून देऊ नका. तो माणूस घरच्या वायरीला किंवा पडलेल्या तारेला चिकटलेला असेल तर गोष्ट उलटी: आधी लाइन बंद, मग हात.

काही गेलंच तर

जळका वास येणारी वस्तू पुन्हा लावून बघू नका. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्स बंद पडला असेल तर आधी अॅडाप्टर तपासा. बऱ्याचदा तेवढाच गेलेला असतो. त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघता येतो, बहुतेक राउटरना १२ व्होल्टचा लागतो. राउटर चालू आहे, वायफाय मिळतंय, पण केबलवर नेट नाही, तर लॅनचा पोर्ट गेला. टीव्ही लागतोय पण बॉक्सचं चित्र नाही, तर एचडीएमआयचा पोर्ट. दुसऱ्या पोर्टात लावून बघा, नवा टीव्ही घ्यायची घाई नको. फ्रिज-एसीचा बोर्ड मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज असतो.

वॉरंटीत विजेने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा: इमारतीवर वीज पडून झालेलं नुकसान आणि लाइनमधल्या दाबाने जळलेलं उपकरण, या दोन गोष्टी विमा कंपन्या वेगळ्या मोजतात. फोटो काढा, मेकॅनिककडून कारण लेखी घ्या, महावितरणच्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, आणि जळलेला बोर्ड भंगारात देऊ नका.

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे बंगला घेतला असेल तर

तिथे घराला लागूनच द्राक्षबाग असते. द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि एकरभर पसरलेल्या तारा. एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकापर्यंत जाते. कुंपणाची तार मांडवाला आणि तीच पुढे तुमच्या गेटला जोडलेली असेल तर ती मध्ये तोडून घ्या, शेजारच्या दादांना विश्वासात घेऊन. कपडे वाळत घालायची तार ग्रिलला बांधू नका, नायलॉनची दोरी वापरा. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर उघड्यावर असतो. ढग आल्यावर मोटार बंद करायला जाऊ नका, टाकी दुपारी दोनपर्यंत भरून घ्या. सोलर पॅनेल असतील तर बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा: डीसी बाजूला वेगळं एसपीडी आहे का, एसी बाजूला आहे का, आणि पॅनेलच्या सांगाड्याचं आणि अरेस्टरचं अर्थिंग वेगवेगळं केलं आहे का. आधी डब्याचं झाकण उघडून या गोष्टी दाखवायला सांगा, मगच शेवटचा हप्ता द्या.